टोपाची काजळी आणि वाडीची शाळा

‘अजून काळं करा. फोटोत दिसत नाहीये नीट.’

हे बोलली मुंबईहून आलेली पाहुणी मॅडम. आणि काळं करायचं होतं माझ्या नातीला. वनीला. इयत्ता तिसरी.

शाळेच्या ओट्यावर बारा पोरं रांगेत उभी होती. अंगातला गणवेश उतरवून जुनी लुगडी फाडून नेसवलेली. वरून पानं बांधायची होती. फागुनात सागाला पान कुठलं? म्हणून आंब्याचे टहाळे तोडून आणलेले, मोहरासकट. तेवढे आंबे पोरांच्या कमरेलाच सुकले म्हणा. आणि तोंडाला, हाताला, पायाला काजळी. बशीत गोड्या तेलात कालवलेली. आमच्या शाळेच्या मॅडम दोन बोटांनी फासत होत्या. मान दुसरीकडं वळवून फासत होत्या. त्यांनाही बरं वाटत नसावं. पण हात काही थांबत नव्हता.

वनीने माझ्याकडं बघितलं. बोलली, ‘आजे, मी काळी नाय का गो पुरती?’

मी बोलले, ‘गप उभी ऱ्हा.’

एवढंच बोलले. सख्खी आजी.

आणि ती काजळी माझ्याच टोपाची होती. खिचडीच्या टोपाची. सकाळी सर बोलले, ‘आजी, टोपाची काजळी खरवडून द्या जरा,’ आणि मी उलथन्याने खरवडून दिली. कशाला म्हणून विचारलं नाय. तेलसुद्धा मीच ओतलं. हे पहिल्यालाच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी बोलायला नको की म्हातारीने दुसऱ्यांचं उघडं केलं आणि आपलं तेवढं झाकलं.

आता नीट सांगते. बसा.

आमची वाडी टोकावड्याच्या पुढं, घाटाच्या अलीकडं. हमरस्ता सोडून वर चढायचं, ओढा ओलांडायचा, की वाडी. तीसेक घरं, सगळी आमची कातकऱ्यांची. वाडीला शाळा आहे. दोन खोल्या, पहिली ते चौथी. एक सर, एक मॅडम. आणि मी. मी खिचडी शिजवते. म्हणजे शिजवत होते, पंधरा-सोळा वर्षं. कागदावर माझं नाव ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’. तोंडाने सगळे आजी बोलतात. सरकारने गॅस दिलाय, तो महिन्यातले आठ दिवस चालतो, बाकी चूल. म्हणून तर टोपाला काजळी.

माझी स्वतःची शाळा एका दिवसाची. तेव्हा वाडीत शाळा नव्हती. खाली रस्त्यापलीकडं मोठं गाव आहे, तिथल्या शाळेत बापाने नेऊन बसवलं. मला आत बसवलं नाय. दाराशी चपला काढतात तिथं बसवलं. दुपारपर्यंत बसले. मग गुरुजी आले आणि वर्गाला बोलले, ‘खिडक्या उघडा रे, उंदराचा वास येतोय.’ सगळी पोरं हसली. मी पण हसले! मला वाटलं, खरंच कुठं उंदीर मेलाय. घरी येऊन आईला सांगितलं तशी ती कामाची थांबली. बोलली, ‘आपण उंदीर खातो ना, म्हणून. उद्यापासून जाऊ नको.’ तेव्हा मला कळलं उंदीर कोण ते. संपली शाळा.

अक्षरं मला म्हातारपणी आली, ती पण चोरून. दाराशी बसून तांदूळ निवडायचे आणि आत पहिलीची पोरं अ आ इ म्हणायची. फळ्यावर बघायचं, सुपातल्या तांदळात बोटाने अक्षर काढायचं, सूप हलवलं की पुसलं. कुणाला पत्ता नाय. चार-पाच वर्षांनी मला पाट्या वाचता यायला लागल्या, मग पोरांची पुस्तकं, मग वाणसामानाला बांधलेला पेपर. जोडाक्षर आलं की अजून ठेचकाळते. पण उठते. हे फक्त वनीला माहीत होतं. तिला मी दटावलं होतं, कुणाला सांगू नको. का दटावलं? लाज. शिकल्याची पण लाज वाटते बाबा, नाय शिकल्याची वाटते तशीच.

तर ही वाडीतली शाळा का हवी, ते तुमाला एवढ्यावरून कळेल. मोठ्या गावात जायचं तर घाटाचा रस्ता ओलांडायचा. ढाब्यावर ट्रकांची रांग, गाड्या उतरणीला सुसाट. पावसात ओढा छातीएवढा. सहा वर्षांचं पोर जाईल का? आणि गेलं तरी त्याला बसवतील कुठं?

आता दुसरी गोष्ट. दिवाळी झाली की वाडीत भट्टीवाल्यांचे ट्रक येतात. माणसं, पोरं, कोंबड्या, टोप, सगळं ट्रकात. वीटभट्टीवर जातात ती पाऊस लागायच्या टायमाला परत. वाडीत राहतो आमी चार म्हातारे आणि कुत्री. म्हणून शाळेच्या पटावर बारा पोरं, आणि दिवाळीनंतर हजर तीन. ती तीन म्हाताऱ्यांकडं ठेवलेली, त्यांत वनी. तिला मी जाऊ दिलं नव्हतं, माझ्याकडं ठेवून घेतलं होतं.

यंदा फागुनात वाडी कधी नव्हे एवढी गप होती. विहिरीचा तळ दिसायला लागलेला. डोंगराला रोज वणवा. संध्याकाळी बघावं तर डोंगराच्या अंगावर लाल रेघ चाललीय, सापासारखी, आणि सकाळी अंगणात राख पडलेली. मला सारखं वाटायचं, काहीतरी येतंय. पण म्हाताऱ्या माणसाला तसं वाटतच असतं म्हणून मी मनावर घेतलं नाय.

शिमग्याच्या आठ दिवस आधी सर बोलले, ‘आजी, स्नेहसंमेलन आहे. मुंबईची कंपनी येणार, शाळेला मोठा टीव्ही देणार. मुलं पूर्ण पाहिजेत.’

मी बोलले, ‘सर, पोरं तर भट्टीवर.’

‘मागवलीत,’ सर बोलले.

मागवलीत. खुर्च्या मागवतात तशी.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच भट्टीवाल्याचा टेंपो आला. मागचं फळकं पाडलं आणि नऊ पोरं उतरली. केसांत विटांची लाल धूळ. हाताला चिरा पडलेल्या, मातीने होतात तशा. सोबत पाच-सहा आया आणि माझा चुलतदीर लहू. लहू आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष आहे. अध्यक्ष म्हणजे काय ते त्याला माहीत नाय, अंगठा लागला की त्याला बोलावतात. पोरं मात्र खूश. पळत येऊन टोपात डोकावली. वर्गात जाऊन आपापल्या जागेवर बसून बघितलं. पहिलीतलं एक पोर माझा पदर धरून बोललं, ‘आजे, आता आमी हितंच ऱ्हायाचं?’

मी बोलले, ‘मग? हितंच.’

मला खरंच तसं वाटलं होतं.

मग सरांनी मोबाइलवर गाणं लावलं. हू हू हा हा करणारं. पोरांना बोलले, यावर नाचायचं, मध्येच भाला उगारायचा. भाले म्हणजे झाडूचे दांडे. आमचा नाच असतो हो! गौरी येतात तेव्हा, भादव्यात, रात रात नाचतात बायका. पण त्याला टाइम आहे. गौर नसताना गौरीचा नाच नाचत नाय. आणि हा तर आमचा नाचच नव्हता. मी सरांना बोलले, ‘सर, आमच्यात फागुनात नाचत नाय. आणि असं तर कधीच नाय.’

सर हसले. बोलले, ‘आजी, पाहुण्यांना काय कळतंय, भादवा की फाल्गुन?’

पाहुणे आले. दोन गाड्या. पाहुणी मॅडम, दोन साहेब, एक कॅमेरावाला. मी पाहुण्यांसाठी पाणी भरून ठेवलं होतं. विहिरीला दोन खेपा, तळातलं वाटीने भरून. शाळेच्या मॅडम हळूच बोलल्या, ‘आजी, तो हंडा आत ठेवा, त्यांच्या बाटल्या आहेत.’ आत ठेवला. जेवण ढाब्यावरून डबे भरून आलेलं. तरी खिचडीची ताटली घेऊन पाहुणी मॅडम पोरांच्या पंगतीत बसली. चमचा तोंडापर्यंत नेला. फोटो झाला. चमचा परत ताटलीत. ताटली माझ्या हातात. मीठ कमी झालं असेल असं म्हणून मी स्वतःची समजूत काढली. बघा माणूस किती समजूत काढतो.

मग ते ओट्यावरचं. अजून काळं करा. ते सांगितलंच.

पोरं नाचली. दांडे उगारले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. भट्टीवरून आलेल्या आयापण हसत होत्या, आपली पोरं बघून. मी चुलीपाशी उभी होते. वनी नाचत नव्हती. नुसती उभी होती, दांडा हातात धरून, माझ्याकडं बघत. तिचं तोंड काळं, डोळे तेवढे पांढरे. मला तेव्हा असं झालं, जसं पाट्याखाली बोट सापडावं आणि ओरडायला तोंड उघडावं, पण आवाजच येऊ नये.

मग टीव्हीचं खोकं मांडलं. खोक्याभोवती पोरं बसवून फोटो. खोकं उघडलं नाय. दोन साहेब आपसात बोलत होते, माझ्यापासून चार हातांवर. मी तिथं होते, पण त्यांच्या लेखी तिथं फक्त चूल होती.

एक बोलला, ‘इथं लावणार कुठे? ही शाळा तर जूननंतर नाहीच ना?’

सर बोलले, ‘हो, ते गावच्या शाळेत बसवू. सगळी मुलं तिथंच येणार आहेत. आज ठराव होतोय.’

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं.

चहाचा ट्रे भरायला मी आत सामानाच्या खोपीत गेले. फळीवर सरांची वही होती, ठरावाची. कप मांडायला जागा करायची म्हणून मी ती उचलली. एरवी मी तिला हात लावत नाय. उघडली. आजची तारीख, खाली लिहिलेलं. मी वाचायला लागले. बोट ठेवून, एकेक. बाहेर गाणं चालू, हू हू हा हा. ‘पटसंख्या’ला अडखळले, ‘समायोजन’ला तर पडलेच. तो शब्द मला ठाऊक नव्हता. पण त्याच्या आधी ‘बंद’ होतं. बंद मला येतं. सोपं आहे, काना ना मात्रा.

‘वाडीवरील शाळेची पटसंख्या कमी असल्याने सदर शाळा बंद करून विद्यार्थ्यांचे गावातील शाळेत समायोजन करण्यास आम्हा पालकांची हरकत नाही.’

आणि खाली अंगठ्यांसाठी रांग आखलेली. एक ते पंधरा. फुटपट्टीने, सरळ.

मी दुसऱ्यांदा वाचलं. मग कळलं की आज टेंपो कशाला आलाय. नाचायला पोरं आणि अंगठ्याला आया. एकाच खेपेत दोन कामं.

सरांनी बाहेर सभा बसवली. आया जमिनीवर, पाहुणे खुर्चीवर. सर बोलले, ‘आज मुलांनी छान कार्यक्रम केला. पालक हजर होते, त्याची नोंद करू.’ वही मागवली, मी नेऊन दिली. शाईचं पॅड काढलं तर ते वाळून खडंग. सरांनी थुंकी लावून बघितली. नाय लागलं. तशी सरांना युक्ती सुचली. ओट्याकडं बघून बोलले, ‘आजी, ती काजळीची बशी आणा. त्यातच बुडवू अंगठे.’

पाहुणी मॅडम हसली. बोलली, ‘वा, किती नॅचरल!’

मी बशी उचलली. दहा पावलं असतील. ती दहा पावलं मी कशी चालले ते मला सांगता येणार नाय. लहूने अंगठा पुढं काढून ठेवलेला. तयार. आयुष्यभर तयारच असलेला अंगठा. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि बशी दिली नाय.

‘आजी, ठेवा ना खाली,’ सर बोलले.

मी बोलले, ‘आधी वाचते. मग ठेवते.’

‘काय?’

डाव्या हाताने मी वही ओढली. सरांच्या मांडीवरची वही. माझ्याच हाताचं मला नवल वाटलं. आणि वाचायला लागले. मोठ्याने. अडखळत.

पहिल्या चार शब्दांनंतर पाहुणी मॅडम उठूनच उभी राहिली. टाळ्या वाजवायला लागली! बोलली, ‘अरे, या आजींना वाचता येतं! या वयात! कॅमेरा इकडे घ्या, इकडे.’ कॅमेरावाला धावला. मॅडम मला बोलली, ‘आजी, परत वाचा ना. पहिल्यापासून. इकडे बघून. आणि जरा हसून.’

बरं, बोलले. परत वाचते.

पहिल्यापासून वाचलं. कॅमेऱ्याकडं बघून. हसले नाय तेवढी. ‘शाळा बंद करून’ आलं तिथं थांबले. आणि तेवढंच परत वाचलं. ‘शाळा बंद करून.’ मग आयांकडं वळले आणि आमच्या बोलीत सांगितलं, बायांनो, ही हजेरी नाय. ही वाडीची शाळा बंद करायला आमची हरकत नाय, असा कागद आहे. अंगठा दिलात की पोरं रस्त्यापलीकडं.

टाळ्या थांबल्या. गाणं कुणीतरी बंद केलं. पाहुणी मॅडम सरांना बोलली, ‘हे काय वाचतायत त्या?’ मग खाली बसली. आणि कॅमेरावाल्याला बोटाने खूण केली, बंद कर.

एवढंच बघितलं मी तिचं. बंद कर, ते.

लहू माझ्याकडं बघत होता. बोलला, ‘वहिनी, खरंच लिवलंय तसं? का तू आपली काय बी बोलतेस?’

‘खरं. सरांना विचार.’

लहूने सरांकडं बघितलं. सरांनी घड्याळाकडं बघितलं. लहूने तेव्हा अंगठा मुठीत घेतला. वर चार बोटं मिटली. आणि मूठ मांडीखाली दाबून बसला, जसा कुणी ओढून नेईल.

सर मला बोलले, ‘आजी, चहा ठेवा. हे तुमचं काम नाही.’

मी बोलले, ‘नाय ठेवत.’

आजपर्यंत त्या शाळेत मी ‘नाय’ बोलले नव्हते. मीठ नाय, तेल नाय, लाकडं नाय, असं बोलले असेन. मी नाय करत, असं नव्हते बोलले. तोंडाला ते कडू लागलं नाय, गोड पण नाय. नवं लागलं. मग मी बशी चुलीत पालथी केली. तेल होतं, भडका उडाला. एक साहेब खुर्चीवरून उठला, त्याला वाटलं, म्हातारी जाळतेय काय आपल्याला.

इथं गोष्ट संपली असती तर तुमाला बरं वाटलं असतं. मला पण.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. टीव्हीचं खोकं त्यांच्याच गाडीत गेलं, मोठ्या गावाकडं. उन्हं कलली तसा टेंपोचा हॉर्न वाजला. त्या पहिलीतल्या पोराने माझ्याकडं बघितलं. हितंच ऱ्हायाचं ना, असं. मी घाईघाईने हंडा काढला, पाहुण्यांनी न प्यायलेला, आणि पोरांची तोंडं धुवायला बसले. तेलातली काजळी. पाण्याने निघते का? एका हंड्यात नऊ तोंडं. नुसती पसरली. नऊ पोरं तशीच टेंपोत चढली. सदरे वर घातलेले, खाली काळी. आयापण चढल्या. फळकं लागलं. मी टेंपो अडवला नाय. वही ओढायला हात पुढं झाला, पण टेंपोसमोर उभं राहायला पाय झाले नाय. हे पण सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाकडं घेऊन गेले तर सर दारात. बोलले, ‘आजी, तुमचं वय झालं. उद्यापासून येऊ नका. गावातून बाई लावलीय.’ आणि हात पुढं केला. शाळेची चावी माझ्याकडं असायची, एवढी वर्षं. ती दिली. मग त्यांनी आवाज हळू केला. वाईट माणूस नाय तो सर, घाबरलेला माणूस आहे. बोलले, ‘तुम्हाला काय वाटतं, तुम्ही वाचलंत म्हणून शाळा वाचेल? पाडवा झाला की शिक्षणखात्याचे साहेब येणार पट मोजायला. तीन मुलं बघतील आणि स्वतःच लिहून जातील. अंगठा लागणारही नाही.’

ते ऐकून मी घरी आले. वनी अंगणात बसलेली. कानामागची काजळी अजून होती. मी घासायला बसले. ती बोलली, ‘आजे, तू मला गप उभी ऱ्हा बोललीस.’ बोलले, ‘चुकले.’ ती बोलली, ‘हां.’ माफ केलं बिफ केलं नाय तिने. नोंद करून घेतली. बरं केलं.

मग मी एसटीने निघाले. टोकावड्याहून कल्याण, तिथून दुसरी गाडी, मग भट्टीपर्यंत चालत. सगळीकडं लाल धूळ. विटांच्या रांगा, आणि रांगांत आमची पोरं, ओल्या विटा पलटत. कुणाच्या गालावर, मानेवर अजून काळं. मी आयांना बोलले, पोरं द्या. साहेब येऊन मोजेपर्यंत नाय, पाऊस लागेपर्यंत द्या. मी सांभाळते.

एकजण विटा थापता थापता, मान वर न करता बोलली, ‘खिचडीची नोकरी गेली म्हणून आलीस काय गो, आजे? आता रांधून घालायला आमची पोरं हवीत तुला?’

बाया हसल्या. मी पण हसले. यावेळी कुणाला हसतायत ते माहीत होतं मला. बोलले, ‘गेली गो नोकरी. तुझ्या पोराच्या शाळेपायी गेली. आता देतेस का बोल.’

ती थांबली. मातीचे हात तसेच धरून. बोलली, ‘खायला काय घालशील?’

‘मी खाईन ते.’

सहा पोरं मिळाली. तीन नाय मिळाली. तीन आयांना धीर झाला नाय, मी त्यांना नावं ठेवत नाय. एसटीत सहा पोरं आणि मी. कंडक्टर बोलला, ‘आजी, सगळी तुमचीच का?’ बोलले, ‘मग कुणाची?’

तिघं माझ्याकडं, तिघं दुसऱ्या दोन म्हाताऱ्यांकडं वाटून दिली. सकाळी भाकर आणि करडूची वाळवून ठेवलेली रानभाजी, कधी नुसतं मीठ-मिरची. शाळा उघडायच्या आधी आमी ओट्यावर बसायचो. तिघांची नऊ झाली. सर आले, बघितलं, शिकवायला लागले. शिकवतात बरं, हे कबूल करते. भट्टीवरच्या पोरांना अक्षरं आठवेनात. एक पोर ‘क’ला बघून रडलं.

पाडवा झाला आणि साहेब आले. मोजलं. नऊ. प्रत्येकाला उभं करून वाचायला लावलं. सहाजण वाचू शकले. मग मला बघून बोलले, ‘आजी, हट्ट कशाला? गावची शाळा चांगली आहे, नवीन टीव्ही आहे. मुलांना न्यायला रिक्षा लावू.’

मी विचारलं, ‘पावसात ओढ्यावरून रिक्षा उडणार काय, साहेब?’

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला. त्यांनी वही हळूच छातीशी धरली. पूर्वी माझ्यासमोर कुणी वही लपवायचं नाय. आता लपवतात.

आता वैशाख चाललाय. सुट्टी लागलीय. शाळेबद्दल वरून काही आलेलं नाय. हो नाय, नाय नाय. जुनं कुलूप काढून तिथं नवं लावलंय, हाताएवढं. विहीर आटली, टँकर येतो एक दिवसाआड. शाळेच्या भिंतीवरचं ‘पहिली’ लिहिलेलं कुणीतरी चुन्याने पुसलंय. रंगकाम असेल, मॅडम बोलल्या. असेल. पण एका खोलीतलं बाकडं पण गेलंय, आणि मला हे चांगलं लक्षण वाटत नाय. घर मोडायचं असतं तेव्हा आधी सामान हलतं.

लहू मधे येऊन गेला. मी त्याला आणि त्याच्या मागून बाकीच्यांना सांगितलंय. दिवाळीनंतर ट्रक आला की तुमी जा, पोटाला जावं लागतं, मला कळतं. पण पोर एक चढवायचं नाय. ट्रकाच्या मागच्या बाजूला मी उभी राहणार. मला उचलून बाजूला ठेवायचं असेल तर ठेवा, मी हलकी आहे. पण मग परत उभी राहणार. यावेळी पाय पुढं होतील. मी बघितलंय त्यांच्याकडं, विचारलंय त्यांना.

आणि जूनचं. शाळा उघडायच्या दिवशी सकाळी मी नऊ पोरं घेऊन ओट्यावर बसणार. त्या तिघांना आणता आलं तर बारा. सर आले तर ठीक. नाय आले तर मी आहे, मला बाराखडी येते, पुढचं वनी बघेल. आणि दाराला ते कुलूप असलं, तर पोरं पावसात बसणार नाय. घरात कोयता आहे, पाटा-वरवंट्याचा वरवंटा आहे. कुलूप मी तोडणार. मी एकटी, माझ्या हाताने, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. हे तुमाला सांगितलं, तसं आजच कागदावर पण लिहून ठेवते आहे. उद्या कुणाला माझ्यावर केस करायची असेल तर पुरावा शोधत फिरायला नको.